माझा आवाज येतोय का?

एका जंगलात, मुलांनो, पाणवठ्यांपेक्षा मोबाईल जास्त होते. तिथे डॉक्टर झालेल्या प्राण्यांना पुढे सर्जन करणारं एक महाविद्यालय होतं. त्याला इमारत नव्हती. दोरेबाई नावाची शिंपी पक्षीण दूरच्या वडावर बसून ऑनलाइन शिकवायची, झालं महाविद्यालय.

पानं शिवून शिवून बाईंची चोच चांगलीच तयार झाली होती. पण तास सुरू होताच त्या विचारायच्या, "माझा आवाज येतोय का?" सगळे ओरडायचे, "येतोय, बाई!" त्याशिवाय बाई सुईला चोच लावायच्या नाहीत. मग चिरा द्यायची वेळ आली, की नेमकी रेंज जायची. रेंज परत आली, की पुन्हा तेच, "माझा आवाज येतोय का?"

विशाखा साळिंदर ही वर्गातली सगळ्यात मेहनती. सुया तर तिच्या अंगावरच्याच. जे दिसलं ते तिने चोख पाठ केलं. आधी विचारायचं, आवाज येतोय का. 'येतोय' ऐकल्याशिवाय चिरा द्यायचा नाही.

शेवटच्या परीक्षेला पेशंट आला भिकोबा अस्वल. त्याच्या घशात आंब्याची कोय अडकली होती. खाणं बंद, पिणं बंद. बिचारा वाळून लांडग्याएवढा झाला होता. कोय निघाली नाही, तर भिकोबा जाणार होता आणि विशाखाची पदवीही.

दोरेबाई समोर ठेवलेल्या मोबाईलवरून बघत होत्या, रेंज असेल तेवढं. विशाखाने भिकोबाला गुंगीचा पाला हुंगवला. तो घोरू लागला.

"काका, माझा आवाज येतोय का?"

भिकोबा घोरतच राहिला.

हसू नका. उत्तर नाही तर चिरा नाही, असंच ती शिकली होती. तिने त्याला गदागदा हलवून उठवलं. त्याने नुसती मान डोलावली. जागा झाला म्हणून पुन्हा पाला. झोपला म्हणून पुन्हा हलवाहलवी. विशाखा रडकुंडीला आली. तिला त्याला खरंच वाचवायचं होतं हो!

शेवटी ती त्याच्या कानात किंचाळली, "काका, तोंडाने सांगा ना! येतोय का?"

भिकोबाचं डोकं फिरलं. उरलासुरला जीव एकवटून तो गरजला, "येतोऽऽय!"

कोय सुटली ती थेट मोबाईलवर आदळली. कॅमेऱ्याला तडा गेला. भिकोबा गटागटा पाणी पिऊ लागला.

दोरेबाईंनी डोळे बारीक करून त्याचा गळा न्याहाळला. "अगं बाई! कोय बाहेर, आणि टाका कुठे दिसतसुद्धा नाही! इतकं बारीक शिवणं मला जन्मात जमलं नाही."

"बाई, मी चिरा दिलाच नाही," विशाखा प्रामाणिकपणे म्हणाली.

"तुझा आवाज येत नाहीये," बाई म्हणाल्या, आणि तिला सुवर्णपदक जाहीर करून टाकलं.

तात्पर्य: सर्जन कुठेही, कसाही शिकला तरी बिघडत नाही. पेशंटने तेवढं ऑपरेशन संपेपर्यंत जागं राहावं.