नव्याण्णव टक्के दुरुस्त

परळीच्या अलीकडच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेचा संगणक मंगळवारी सकाळी दहा वाजता जागेवर होता, पण चालू नव्हता. शाळेतल्या बऱ्याच जणांची हीच अवस्था असल्यामुळे प्रथम कोणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते मोहिनीच्या. दहावीला एकोणनव्वद टक्के, परळीच्या कॉलेजात अकरावीची जागा लागलेली, आणि शाळा सोडल्याचा दाखला संध्याकाळी पाचच्या आत मोबाईलवरून चढवायचा! नाही चढला, तर जागा पुढच्या नंबराला आणि मोहिनी दिवाळीनंतर आईबरोबर ऊसतोडीला. दाखला त्या संगणकाच्या पोटात.

लिपिक बंकटरावांनी मतीन मेकॅनिकला बोलावलं. त्यानं काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं वाचली.

"डिस्कमंदी एरर हायत, काका. मशीन सोताच तपासतंय, सोताच दुरुस्त करतंय. दोन तास लागतील. शंभर टक्के होईस्तोवर बटनाला हात लावू नका."

एवढं बजावून तो गेला. आकडा चढू लागला. एकतीस टक्क्यांवर बंकटरावांचा बिघाडाचा अहवाल लिहून झाला. मुख्याध्यापक उत्तरेश्वर सरांनी तो तीनदा वाचला.

"बंकटराव, मी बिघाड डोळ्यानं बघितला न्हाई. सही कशी करू?"

"हे काय सर, समोरच हाय की."

"ही तर दुरुस्ती हाय. मला बिघाड दाखवा. पयल्यापासून."

मुद्दा बिनतोड होता. बंकटरावांनी संगणक बंद करून चालू केला. सरांनी चष्मा पुसून बिघाड पाहिला, 'बिघाड समाधानकारक' असा शेरा मारला आणि आकडा शून्यावरून निघाला.

"सर, माझा दाखला..."

"अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं!"

साडेबाराला विस्तार अधिकारी भागवत साहेब आले. एक्क्याऐंशी टक्के. साहेबांनी चहात खारी बुडवली आणि स्पष्ट केलं, की खालच्यांनी पाहिलेला बिघाड वरच्यांना ग्राह्य धरता येत नाही. शून्य. जेवणं झाल्यावर शाळा समितीच्या अध्यक्षा छबुबाई यांचे यजमान आले. पद बाईंचं, खुर्ची यजमानांची, ही गावची रीत. त्यांनी बिघाडाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. शून्य. मग साहेबांना आठवलं, सही बाईंची लागते, म्हणजे बिघाडही बाईंनीच पाहायला हवा. छबुबाई पिठाच्या हातानंच आल्या.

"एवढ्यासाठी बोलावलं व्हय? काळंच तर हाय समदं!"

पण पाहिला. शून्य.

अडीच वाजून गेले होते. मोहिनी उठली आणि बटनासमोर खुर्ची टाकून बसली.

"आता ज्यानं हात लावला, त्याचं नाव मी फळ्यावर लिहीन!"

आवाज असा लागला, की भागवत साहेबांनी हात खिशात घातला.

चाळीस. सत्तर. पंचाण्णव. नव्याण्णव!

नव्याण्णव.

पावणेपाच झाले, तरी नव्याण्णव. चार पन्नास, नव्याण्णव. मोहिनी खुर्चीच्या कडेला सरकली. तिनं पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे.

"अडकलं वाटतं," ती पुटपुटली. "एकदा बंद करून चालू करावं का?"

सकाळपासून एकमेकांचं एक वाक्य न मानणारी ती सगळी माणसं एकमुखानं म्हणाली, "करून बघ की!"

तिनं बटन दाबलं.

शून्य.

पाचाचे टोल पडले. बंकटरावांनी अहवालात शेवटचं कलम घातलं: 'दाखला न मिळण्यास जबाबदार व्यक्ती: कु. मोहिनी. बटन दाबताना तिला प्रत्यक्ष पाहिले.' या वेळी मात्र सगळ्यांनी न वाचताच सह्या केल्या.

आणि तुम्ही उगाच हळहळू नका. आकडा नव्याण्णववर थांबला, तेव्हा 'अगं, बंद करून चालू कर की' असं मनात तुम्हीही म्हणालातच. खाली साक्षीदारांची एक ओळ मोकळी आहे. करा सही.