आधी कोणी खायचं

आमच्या गल्लीत नवऱ्याआधी जेवणारी बाई एकच होती, आणि ती म्हणजे आमची काकू. नव्वदच्या सुमाराला नाशिकरोडला ही गोष्ट लहान नव्हती. दामूकाका ताटासमोर मांडी घालून बसायचे, काकू त्यांच्याच ताटातला पहिला घास उचलून तोंडात टाकायची आणि काका तिच्याकडे टक लावून बघत राहायचे. शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या, "शिका जरा त्यांच्याकडून. बायकोला आधी भरवतात." अशा रीतीने काका सुधारक म्हणून प्रसिद्ध झाले.

खरं काय ते काकू सांगायची. "कसले सुधारक? मला काही होतंय का ते बघतात."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आम्ही मूळचे देवळ्याकडचे. काका स्टेशनजवळच्या एका धान्याच्या गोदामात नोकरीला होते आणि तिथे त्यांचं काम एकच, उंदीर मारणं. तीस वर्षं एखाद्याच्या मागावर राहिलं की त्याचे गुण लागतातच. मी तीस वर्षं दुकानात गिऱ्हाइकांच्या मागे आहे, त्यामुळे मलाही कुठलीच वस्तू पहिल्या भावात घेववत नाही.

"उंदराइतका शहाणा प्राणी नाय," काका सांगायचे. "त्याच्या वाटेत नवं खोकं ठेव. दोन दिवस त्या भिंतीने जाणार नाय. नवं खाणं दिसलं तर तिळाएवढं कुरतडेल आणि थांबेल. दुसऱ्या दिवशी धडधाकट राहिला तर पुढचं. माणूस बघ. दिसलं की तोंडात."

घरात रंगीत टीव्ही आला तेव्हा काकांनी तीन दिवस तो दारातून पाहिला. नवी खुर्ची आणली तर आठवडाभर तिच्या शेजारी उभं राहून पेपर वाचला. माझ्या लग्नात आमच्या नात्यात पहिल्यांदाच बुफे होता आणि त्यात मंचुरियन नावाचा एक लाल पदार्थ होता. काकांनी त्यातला मोहरीएवढा तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि ताट खाली ठेवलं.

"उद्या बघू."

"काका, उद्या लग्न संपलेलं असेल."

"संपू दे. मी तर असेन ना."

माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या हातचं त्यांनी चार महिने खाल्लं नाही. बिचारी रडकुंडीला आली. काकांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "सून चांगली हाय रे बाळ्या. पण अजून नवी हाय."

एकदा मी त्यांना विचारलं, "उंदीर एवढे शहाणे, मग मरतात कसे?"

काका म्हणाले, "चार दिवस चांगलं खाऊ घालायचं. गव्हाचा भरडा, तेल, थोडा गूळ. पहिल्या दिवशी कोणी येत नाय. दुसऱ्या दिवशी एखादा म्हातारा येतो, तिळाएवढं खातो. तो जगला की तिसऱ्या दिवशी बाकीचे. चौथ्या दिवशी पोराबाळांसकट येतात, बिनधास्त. पाचव्या दिवशी त्याच भरड्यात औषध."

"भारी युक्ती आहे," मी म्हणालो आणि हसलो.

काका हसले नाहीत. जेवण अर्धं टाकून हात धुवायला उठले. मला वाटलं, अपचन असेल.

काका निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी काकू गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, चौदाव्या दिवशी काका एकटे. सुनंदा रोज डबा पाठवायची. बाजरीची भाकरी, मुगाची आमटी, बटाट्याची भाजी, सगळं काकूच्या पद्धतीचं. डबा जायचा तसा परत यायचा. काका दूध पिऊन राहायचे. महिन्याभरात सदरा हँगरवर लटकावा तसा त्यांच्या अंगावर लटकायला लागला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अंथरूण धरतील. त्यांनी ताकदीची पावडर लिहून दिली. काकांनी पावडरचा डबा उलटसुलट करून पाहिला आणि कपाटावर ठेवला. "उद्या बघू."

युक्ती सुचली ती सुनंदाला. "काकू काय करायच्या, आठवतं ना? जा, त्यांच्या ताटावर बसा आणि आधी तुम्ही खा."

माझं स्टेशनरीचं दुकान दुपारी बंद असतं. मी डबा घेऊन गेलो, काकांसमोर बसलो आणि त्यांच्या ताटातला पहिला घास खाल्ला. काका माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी चतकोर भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी अर्धी. तिसऱ्या दिवशी आमटी मागून घेतली. चौथ्या दिवशी म्हणाले, "सुनंदाला सांग, आमटी जमली." आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. सुनंदाने ते वाक्य माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

इथे मला थांबता आलं असतं. पण मी हुशार माणूस. माझ्या हुशारीमुळे आमच्या घरात बऱ्याच गोष्टी बिघडल्या आहेत, मिक्सर त्यातली सर्वांत स्वस्त. मला वाटलं, आता भरवसा बसलाच आहे, तर आमटीत पावडर कालवू.

"सांगून द्या," सुनंदा म्हणाली. "नाही घेतली तर नाही घेतली."

मी ऐकलं नाही. पाचव्या दिवशी काका हात धुवायला गेले तेवढ्यात कपाटावरच्या डब्यातली पावडर कालवून त्यांच्या वाटीत आमटी वाढली आणि त्या पावडरला असा काही वास होता, की स्वतःसाठी निराळी वाटी घेतली. भाकरीचा पहिला घास त्यांच्या ताटातला घेतला, बुडवला माझ्या वाटीत.

काकांनी माझ्या वाटीकडे पाहिलं. मग स्वतःची वाटी माझ्यासमोर सरकवली.

"आज यातली खा."

मी वाटी उचलली. तोंडाशी नेली. वास आला आणि हात क्षणभर थांबला. नुसती ताकदीची पावडर होती हो. पण हात थांबला, आणि काकांनी तो थांबलेला पाहिला.

"आज पाचवाच ना?" ते शांतपणे म्हणाले. "पद्धत बरोबर हाय तुझी."

मी पावडर असल्याचं सांगितलं, कपाटावरचा डबा उघडून दाखवला, ती वाटी गटागटा पिऊनही दाखवली. काकांनी मान डोलावली, जेवणाचा डबा रिकामा करून, स्वतः घासून माझ्या हातात दिला. "उद्यापासून नको आणू."

पंधरा दिवस माझी जायची छाती झाली नाही. मग सुनंदानेच डबा हातात देऊन ढकललं. गेलो तर दार उघडं होतं. काका स्वयंपाकघरात फरशीवर बसून भरड्याच्या गोळ्या वळत होते. गोळ्या बशीत ठेवल्या, बशी सिलिंडरमागे सरकवली.

"उंदीर झालेत का? मला सांगायचं, पिंजरा आणला असता."

"झालेत."

"औषध कधी घालणार?"

"घालत नाय. रिटायर झाल्यापासून नाय." काकांनी हात झटकले. "तीस वर्षं चार दिवस घातलं. आता नुसतंच घालतो. तुझी काकू लय ओरडायची."

मी डबा उघडला, सगळं एकाच ताटात वाढलं, आमटीची वाटीही एकच ठेवली आणि घास घेतला. वातावरण हलकं करावं म्हणून म्हणालो, "चला, आज पहिला दिवस."

"मोजू नको," काका म्हणाले. "मोजणारा पाचव्याची वाट बघत असतो."

पुढे चार वर्षं, काका जाईपर्यंत, मी रोज दुपारी त्यांच्या ताटात जेवलो. जेवायला बसलं की काका आधी भाकरीचा तुकडा बशीत टाकायचे. सिलिंडरमागून एक जाडजूड उंदीर यायचा आणि हुंगायलाही न थांबता खायला लागायचा. मग मी घास घ्यायचो. मी तो गिळेपर्यंत काका माझ्याकडे बघत राहायचे, आणि मग त्यांचा हात ताटाकडे जायचा. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांचा हात माझ्या आधी गेला नाही.

एकदा शेजारच्या बाई साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "पुतण्याला आधी भरवतात," त्या म्हणाल्या. "केवढी माया."

काकू असती तर तिने खरं काय ते सांगून टाकलं असतं. मी नुसती मान हलवली.