सदाबापू आणि उताणा माऊस

सदाबापूंनी कॉम्प्युटरचा माऊस टेबलावर ठेवून कधीच चालवला नाही. डाव्या तळहातावर ते तो उताणा घ्यायचे, त्याच्या पोटातल्या रबरी गोळ्यावर उजव्या हाताचं बोट फिरवायचे आणि बटण दाबायचं असलं की खालून चिमटा काढल्यासारखं दाबायचे. माऊस असा उलटा धरला की पडद्यावरचा बाण डावीउजवीकडे नीट जातो, पण गोळा वर ढकलला की बाण खाली येतो. बापूंना त्याचं काही वाटायचं नाही.

"आमचं निम्मं आयुष्य निगेटिव्हवर गेलंय, बाई," ते म्हणायचे. "काळं ते पांढरं अन् पांढरं ते काळं. आता वरचं खाली झालं, त्यात काय एवढं?"

नव्वदच्या दशकाची अखेर होती. साताऱ्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून मी कोरेगावच्या एका फोटो स्टुडिओत ऑपरेटर म्हणून लागले होते. बापू तिथले रिटचिंगवाले. उजेडाच्या पेटीवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग, फोड, खड्डे बुजवायचे, हे काम त्यांनी तीस-पस्तीस वर्षं केलं होतं. वय साठीला आलेलं, अंगात पांढरा हाफ शर्ट, कानावर पेन्सिल. सकाळी आत आले की मला म्हणायचे, "जय भीम, बाई. उठलं का तुमचं यंत्र?"

मालकांनी कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला त्या दिवशीच बापूंना सांगून टाकलं होतं, "पेन्सिलीचं काम आता संपलं. माऊस शिकलात तर तुमची खुर्ची आहे." बापू भांडतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "ह्यात चुकलं तर परत मागं जाता येतंय म्हंत्यात. खरं का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ते शिकायला बसले.

पण माऊस सरळ धरून ते जमेना. "हे म्हंजे साबणाच्या वडीनं अक्षर काढल्यागत हाय," ते वैतागून म्हणायचे. डोळ्याखालचा डाग पुसायला जावं तर नाकाची कड जायची. म्हणून मग तो उताणा प्रकार. त्यानं डाग पुसले जायचे, पण बारीक रेघ काही येईना, आणि बापूंना रेघच हवी होती. माऊसऐवजी दुसरं काहीतरी शोधायचंच, असं त्यांनी मनावर घेतलं.

पहिल्यांदा मीच त्यांना कीबोर्डावरच्या आकड्यांच्या बटणांनी बाण हलवायची सोय दाखवली. एका नवरदेवाच्या भुवईवर बापूंनी अख्खी सकाळ घालवली. टक, टक, टक. शेवटी म्हणाले, "बाई, ह्या चालीनं त्याला नातू हुईल."

मग त्यांनी कुणाकडून तरी व्हिडिओ गेमची दांडी आणली. ती मशीनला लावताना माझा घाम निघाला. नेमका त्याच दिवशी उंब्रजच्या एका रिटायर सुभेदारांचा फोटो हातात होता आणि मिशीची तुटलेली कड सांधायची होती. दांडी जरा जोरात ढकलली गेली आणि मिशी गालावरून वर चढत थेट कानापर्यंत गेली. मागं घ्यायचं बटण मी दाबणार, एवढ्यात स्वतः सुभेदारच दारात. पडद्याकडं टक लावून बघितलं त्यांनी.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "लय झ्याक दिसतंय. दुसरी बाजू बी तशीच करा."

त्यांनी सहा कॉप्या नेल्या. बापू आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत.

नंतर साताऱ्याहून एक मोठा गोळेवाला माऊस आला. तो जागेवरच राहतो, फक्त गोळा फिरवायचा. बापूंनी दोन दिवस फिरवला आणि परत पाठवला. "आमचा उताणा ह्येच काम फुकट करतोय."

अखेर कळलं, की सांगलीच्या एका छापखान्यात पेनाची पाटी धूळ खात पडली आहे. पाटीवर पेन फिरवलं की पडद्यावर रेघ उमटते. मालक म्हणाले, असले लाड मला परवडणार नाहीत. बापूंनी रजा टाकली, एसटीनं सांगलीला गेले आणि स्वतःच्या पैशानं पाटी घेऊन आले. एका दिवसाचं काम, पण परतले तिसऱ्या दिवशी.

पहिले काही दिवस त्यांची नजर सारखी हाताकडं जायची. "बघायचं तिकडं अन् लिवायचं हितं! जेवायचं आपण अन् ढेकर शेजाऱ्यानं द्यायचा, असं झालं." पण हातात पेन होतं. दहाएक दिवसांत त्यांची रेघ अशी येऊ लागली, की मालकही मागं येऊन उभे राहू लागले.

एका दुपारी मालक जेवायला गेले होते. मी एक जुनी फाइल शोधत होते, तर 'हौसा' नावाच्या फायलींची रांगच लागली. हौसा एक, हौसा दोन, अशा चाळीसच्या वर. उघडल्या तर सगळीकडं एकच चेहरा. मुंडावळ्या बांधलेली, सोळा-सतरा वर्षांची मुलगी. पहिल्या फायलीत चेहरा गुळगुळीत. पुढच्या प्रत्येकीत डाव्या गालावर एकेक खळगा वाढत गेलेला.

"मालकीण हाय माजी," मागून बापू म्हणाले. मी दचकले. "जाऊन अकरा वर्सं झाली."

ते शेजारच्या स्टुलावर बसले. "तिला देवी आल्या हुत्या ल्हानपणी. आमच्या लग्नाचा फोटो ह्याच दुकानात काढला. मी नवाच लागलो हुतो कामाला. हुशारी दावायला निगेटिव्हवर बसलो अन् सगळं वण बुजवलं. तिला दावला. बघितला, अन् म्हनली, 'ही कोण?' मला वाटलं, चेष्टा करती."

"मग?"

"मग परत फोटोला उभीच ऱ्हायली न्हाई कवा. ह्यो एकच हाय. निगेटिव्ह मालकाच्या वडलांनी भंगारात घातली. कापी काढून ब्रशानं वण घालून बघितलं, तर डाग दिसायचं, खड्डं न्हाई. खड्ड्याला सावली लागती अन् उजेड बी लागतोय. पाटी आणताना कुंडलला उतरलो हुतो, तिच्या थोरल्या भनीकडं. इचारलं, कुठं कुठं वण हुतं, आठवतंय का? ती म्हनली, 'आवं दाजी, आमी कुठं मोजलं?'"

त्यांनी पेन उचललं आणि डोळ्याखाली एक बारीक खळगा उमटवला. आधी सावली, मग तिच्या कडेला उजेड. लांब होऊन बघितलं. डावा गाल पुरा झाला होता. उजवा मात्र तसाच, साफ.

"आणि ही बाजू?" मी विचारलं.

बापूंनी पेन त्या गालापाशी नेलं आणि तसंच मागं घेतलं. "चुलीपुढं बसली की मला डावीच बाजू दिसायची," ते म्हणाले. "हिकडून मी कवा नीट बघितलंच न्हाई."

"डावीकडच्यासारखेच थोडे इकडं घालू या ना. कुणाला कळणार?"

"अंदाजानं न्हाई घालायचं," बापू म्हणाले.

मी तसाच प्रिंट काढला. तो वाळेपर्यंत त्यांनी पंख्याखाली दोन्ही हातांत धरून ठेवला, मग वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला. नाक शिंकरलं. पुढच्या कामाचं पाकीट उघडलं. आत गावातल्याच एका मुलीचा फोटो होता, स्थळांना पाठवायचा. पाकिटावर मालकांच्या अक्षरात लिहिलं होतं : हनुवटीवरचा तीळ काढणे.

बापूंनी फोटो उजेडात धरला.

"पोरीला इचारलंय का?"

"तिच्या वडिलांनी सांगितलंय," मी म्हटलं.

"मग पोरीला बोलवून घ्या," बापू म्हणाले आणि पेन पाटीवर आडवं ठेवून बसून राहिले.