डावा पातळ, उजवा गादीचा

दिनकर शिर्के डाव्या पायात एक आणि उजव्या पायात दुसराच बूट घालून धावत. हे घाईगडबडीत झालेले नसे. डाव्या पायातल्या बुटाचा तळ इतका पातळ होता, की खाली नाणे आले तर छापा की काटा ते पायाला कळावे. उजव्या बुटाचा तळ इतका जाड, की खाली बेडूक आला तर बेडूक आणि शिर्के या दोघांपैकी कुणालाच पत्ता लागू नये. उंचीत एवढा फरक असल्याने शिर्के दर पावलाला डावीकडे कलत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस एक पाय फुटपाथवर आणि एक पाय रस्त्यावर ठेवून धावतो आहे. जवळ आल्यावर दिसे, की फुटपाथ नाहीच.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या तळ्याभोवती संध्याकाळी बरेच लोक धावतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. तरी एका म्हाताऱ्या गृहस्थांना राहवले नाही. त्यांनी शिर्क्यांना थांबवले, माफी मागितली आणि अत्यंत हळुवारपणे कानावर घातले, की आपल्या पायांत दोन वेगळे बूट आहेत.

"गेनाऊ!" शिर्के आनंदाने ओरडले. अगदी बरोबर! मग त्यांनी त्या गृहस्थांना दोन्ही तळांमधला फरक समजावून सांगितला. ते गृहस्थ पुढे कधी तळ्यावर दिसले नाहीत.

शिर्के आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मूळचे सातारा जिल्ह्यातले, शिक्षण पुण्यात, नोकरी इथल्या मोटारींच्या कारखान्यात, खाते शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे. खड्ड्याचा धक्का माणसापर्यंत किती पोचू द्यायचा आणि किती वाटेतच जिरवायचा, हे ठरवण्याचा त्यांना पगार मिळे. "मोजल्याशिवाय बोलू नका" हे त्यांचे लाडके वाक्य. राजकारणापासून आमटीतल्या मिठापर्यंत ते सगळीकडे चाले. आमटीच्या बाबतीत सुनंदावहिनी मिठाचा डबाच त्यांच्यापुढे आदळत आणि म्हणत, "घ्या, मोजा."

बुटांचा प्रश्न मुलीमुळे उभा राहिला. मुक्ता त्यांची एकुलती एक. जन्म इथला, नागरिकत्व इथले. मराठी सगळे समजे, उत्तर मात्र जर्मनमध्ये येई. सतरा वर्षांची असताना एका रात्री जेवताना तिने जाहीर केले, की शाळा संपली की ती सैन्यात जाणार. जर्मनीच्या.

शिर्के "नाही" म्हणाले. मुक्ता "डोख" म्हणाली. समोरच्याचे 'नाही' एका दमात उडवून लावायला जर्मन लोकांनी हा खास शब्द ठेवला आहे. त्यानंतर बाप-लेकीचे बोलणे बंद झाले ते पूर्ण हिवाळाभर.

"माझं टपालखातं झालंय, भावजी," वहिनी जिन्यात भेटल्या की मला सांगत. "हे म्हणणार, तिला सांग दार लावून घे. ती म्हणणार, त्यांना सांग लावलंय. आणि दोघं एकाच सोफ्यावर!"

गावाकडेही बातमी पोचली होती. शिर्क्यांचे गाव म्हणजे घरटी एक फौजी. वडील सुभेदार, चुलते हवालदार. फोन स्पीकरवर असल्याने चुलतभावाची शंका मी स्वतः ऐकली आहे: "आरं दिनू, उद्या आपलं आन् त्यांचं वाजलं, तर पोरगी कुनाच्या बाजूनं रं?"

"तोवर पेन्शनीत निघेल," शिर्के म्हणाले आणि फोन ठेवला.

मार्चमध्ये मुक्ताला भरती कार्यालयात बेराटुंगसाठी, म्हणजे सल्लामसलतीसाठी बोलावले. ती अजून सज्ञान नव्हती, त्यामुळे पालकांपैकी कुणीतरी बरोबर जायचे होते. वहिनींचा स्वतःच्या जर्मनवर भरवसा नव्हता, म्हणून शिर्के गेले. वहिनींच्या माहितीप्रमाणे जाताना गाडीत दोघांनी रेडिओ ऐकला.

त्याच संध्याकाळी शिर्के माझ्या दारात उभे राहिले. दोन्ही बगलांत बुटांचे खोके होते.

"आल्झो," ते म्हणाले. त्यांचे प्रत्येक व्याख्यान जर्मनमधल्या या 'तर मग'ने सुरू होई. "भरती म्हणजे धाव. धाव म्हणजे बूट. आणि बुटांच्या बाबतीत जगात दोन पक्ष आहेत."

पहिल्या पक्षाला ते अनवाणी पक्ष म्हणत. माणूस लाखो वर्षे अनवाणी धावला, पायाची कमान हेच देवाने दिलेले सस्पेन्शन, वर गादी कशाला, हे त्या पक्षाचे म्हणणे. दुसरा गादी पक्ष. त्याच्या मते माणूस लाखो वर्षे डांबरावर धावला नव्हता, त्यामुळे गुडघे सांभाळा. त्या काळात पातळ बुटांची लाटच आली होती. पायमोज्यासारखे, पाचही बोटे सुटी दिसणारे बूटसुद्धा दुकानांत मिळत. शिर्क्यांनी तेही आणले. वाळत घातलेले ते बूट पाहून खालच्या मजल्यावरच्या फ्राउ ब्रांट यांनी वहिनींना विचारले, की तुमच्याकडे कुणी पाणबुड्या आहे का.

"साध्या माणसाचं सोपं आहे," शिर्के मला समजावत. "पण सैनिकाच्या पाठीवर ओझं असतं. मोकळ्या गाडीचं डॅम्पिंग, म्हणजे धक्का जिरवणं, वेगळं, भरलेल्या ट्रकचं वेगळं. मुक्ता ही भरलेली केस आहे."

"तुम्ही स्वतः कुठल्या पक्षाचे?"

"मोजल्याशिवाय बोलू नका."

मोजमाप बाल्कनीत सुरू झाले. बूट फरशीवर ठेवायचा, त्यावर दोरीने टांगलेली बासमतीची गोणी सोडायची आणि ती किती उसळते ते बघायचे. हा प्रयोग त्यांनी रविवारी दुपारी केला. जर्मनीत रविवारी दुपारी खिळासुद्धा ठोकत नाहीत. फ्राउ ब्रांट वर आल्या, त्यांनी गोणी पाहिली, बूट पाहिला आणि विचारले, "शिर्केसाहेब, हे धार्मिक आहे का?"

"नाही, तांत्रिक आहे."

"मग सोमवारी," असे सांगून त्या खाली गेल्या.

मराठी मंडळींच्या घरगुती कार्यक्रमांना शिर्के जात, पण आत येत नसत. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग असे, त्यात ते पायरीवर बसून राहत. एकेक बूट उलटा करून झिजेवरून मालकाचे भविष्य सांगत. "हा काळा कुणाचा? उजवी टाच आतून खातोय. पाच वर्षांत गुडघा जाणार." सत्यनारायणाची आरती आत चालू असताना बाहेरून हे ऐकू येई. लोक पुढच्या वेळी नवे बूट घालून येऊ लागले. त्यावर शिर्के नाराज होते, कारण नव्या बुटातून काही कळत नाही.

पण मुख्य चाचणी तळ्याभोवती. एक दिवसाआड संध्याकाळी बाप-लेक निघत. शिर्के पाठीवर तूरडाळीच्या पुड्यांनी भरलेली सॅक आणि पायांत ते दोन पक्ष घेऊन धावत. मुक्ता साध्या, जुन्या बुटांत त्यांच्यापुढे असे. मी सायकलवरून सोबत करी, कारण पडल्यास उचलायला कुणीतरी हवे, अशी वहिनींची अट होती. "अहो, फौजेत पोरगी चालली आहे, तुम्ही नाही," हे त्या रोज सांगत आणि रोज डाळही भरून देत.

पहिल्या दिवशी मुक्ता सगळी फेरी त्यांच्या बरीच पुढे धावली. "पाइनलिश!" एवढाच शब्द तिने मागे वळून फेकला. लाज आणता बाबा, असा त्याचा भाव.

"ते असू दे. टाच आधी टेकते की चवडा?"

"काइने आहनुंग." काही कल्पना नाही.

"मग बघ की जरा. माझ्याकडे बघ."

ती थांबली आणि मागे बघू लागली. भुवया उंचावलेला, घामाने निथळणारा आणि डावीकडे कललेला बाप डाळीसकट तिच्याकडे येत होता. मुक्ता हसली. हिवाळ्यानंतर शिर्क्यांनी ते पहिल्यांदा ऐकले असावे, कारण त्यांनी पुढची फेरी मुद्दाम जास्त कलून मारली.

मग एक रीतच पडली. सुरुवात टाचेवरून होई. दुसऱ्या फेरीपर्यंत मुक्ता शाळेतल्या गणिताच्या बाईंवर आलेली असे, तिसरीपर्यंत मैत्रिणीच्या भांडणावर. ती जर्मनमध्ये बोले, शिर्के मराठीत हुंकार देत. तिचे बोलणे जरा थांबले, की शिर्के चवड्याचा विषय काढत, आणि गाडी परत सुरू होई. सल्ला त्यांनी एकदाही दिला नाही. सैन्याबद्दल तर चकार शब्द नाही. निष्कर्ष मात्र दर आठवड्याला फिरे. सोमवारी गादी पक्षाचा विजय जाहीर होई, शुक्रवारी अनवाणी पक्ष मुसंडी मारे.

उन्हाळ्यात मुक्ता निवड चाचणी देऊन आली आणि पास झाली. मी पेढे खायला वर गेलो.

"कुठल्या बुटात पळाली?" मी विचारले.

"तो प्रश्न अजून खुला आहे," शिर्के म्हणाले. "निवड काय, झाली. खरं प्रशिक्षण पुढे आहे. उद्या येताय ना तळ्यावर?"

वहिनी पेढ्याचे ताट घेऊन उभ्या होत्या. "भावजी, दिवाळीपर्यंत बुटांचं ठरलं नाही, तर मी दोन्ही पक्ष भंगारात घालणार आहे."

त्याच आठवड्यात तळ्याकाठच्या बाकावर दम खात असताना शिर्के एकदा वेगळे बोलले. मुक्ता पुढची फेरी मारायला गेली होती. समोर कारखान्याची धुराडी होती. ते म्हणाले, "माझे वडील वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. आले की पहिले दोन दिवस मी त्यांच्याजवळ जायचो नाही. ओळख लागायची नाही. ओळख लागेपर्यंत सुट्टी संपायची." एवढे बोलून त्यांनी डावा बूट काढला आणि तळाची झीज तपासायला घेतली. मुक्ता लांबून येताना दिसली, तसे ते उठून उभे राहिले.

ऑक्टोबरात तिची निघायची सकाळ आली. वहिनींनी घरीच औक्षण केले आणि त्या दारातूनच आत गेल्या. मी गाडी चालवत दोघांना स्टेशनवर आणले. मुक्ताच्या कपाळावर कुंकू होते. फलाटावर लोक बघत होते, पण तिने ते पुसले नाही. शिर्के तिच्यासाठी ब्रेट्झेल आणायला बेकरीत गेले. आम्ही दोघे बॅगेपाशी थांबलो.

"मग? शेवटी कुठले बूट घेतलेस?" मी विचारले.

"एकही नाही," मुक्ता म्हणाली. ती चक्क मराठीत बोलत होती, शब्द एकेक उचलून ठेवल्यासारखी. "बूट तिकडे देतात. सगळ्यांना. धावायचे पण."

"आणि चाचणीत?"

"चाचणीत मोठी धाव नव्हतीच. सायकल होती. ती एका जागेवर असते ती. आणि हॉलमध्ये थोडी पळापळ."

"हे तुला कधी कळलं?"

"मार्चमध्ये. बेराटुंगला त्या बाईंनी सगळं सांगितलं. सायकल, बूट, सगळं."

"आणि तू बाबांना सांगितलं नाहीस?"

मुक्ताने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "बाबा शेजारीच बसले होते."

मी बेकरीच्या दाराकडे पाहिले.

"येताना गाडीत आम्ही दोघं गप्प," ती पुढे सांगू लागली. "मग सिग्नल लाल झाला. बाबा समोर बघत म्हणाले, तरीपण बूट ठरवायला लागतील, संध्याकाळी तळ्यावर जाऊन बघू या. मी म्हटलं, हो बाबा, लागतील."

शिर्के परत आले. हातात मोठी कागदी पिशवी होती. एका पलटणीला पुरतील एवढे ब्रेट्झेल त्यांनी आणले होते. ते रुळांकडे तोंड करून उभे राहिले.

वोल्फ्सबुर्गला थांबायचे विसरून जलद गाड्या सरळ पुढे निघून गेल्याचे प्रकार त्या वर्षांत घडले होते. गावात त्यावर विनोद चालत. गाडीची घोषणा झाली, तसे शिर्के माझ्याजवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आज विसरला तर?"

"कोण?"

"ड्रायव्हर."

"असं फार क्वचित होतं, शिर्के."

"पण होतं ना?"

गाडी आली, हळू झाली आणि थांबली. दार मुक्ताच्या पुढ्यातच उघडले. शिर्के तिची बॅग घेऊन आत चढले. ती वरच्या फळीवर ठेवायला त्यांना बराच वेळ लागला. पट्टा नीट करायला आणखी लागला. फलाटावर शिट्टी झाली, दारे मिटली, आणि शिर्के आतच राहिले.

त्यांच्याकडे तिकीट नव्हते आणि पुढचा थांबा हॅनोव्हर होता. उतरण्यासाठी त्यांनी काही धडपड केल्याचे मला दिसले नाही. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी, मुक्ताच्या शेजारी बसले होते, ब्रेट्झेलची पिशवी मांडीवर. मुक्ता हात हलवत काहीतरी भरभर सांगत होती, आणि शिर्के मान डोलावत होते.