शौकीने केलेली मोकळी जागा

"यंदाचा रमजान करंडक आपण थ्रो-इनवर जिंकणार!" शौकीने छाती ठोकून सांगितलं.

पोर्ट सईदच्या बंदरामागे त्याचं इस्त्रीचं दुकान. गल्लीच्या फुटबॉल संघाचा तो प्रशिक्षक. स्वतः मात्र कधी धड चेंडू लाथाडलेला नाही! अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी त्याने इस्त्रीच्या टेबलावर शर्टाची बटणं मांडली.

"थ्रो-इन मिळाला की तुम्ही सगळे चेंडूवाल्याला चिकटता, गुळाच्या ढेपेला मुंगळे चिकटावेत तसे! उद्या लांब पळायचं. त्यांचे गडी तुमच्या मागे धावतील, की मधे रान मोकळं!"

"आणि त्या मोकळ्या रानात येणार कोण, उस्ताद?" चेंडू टाकणाऱ्या रागेबने विचारलं.

"ज्याला डोकं आहे तो!"

इथेच माती खाल्ली! संघातल्या हिलमीला वाटलं, म्हणजे झकी. झकीला वाटलं, म्हणजे हिलमी. जन्मभर एकमेकांना गाढव म्हणणाऱ्या या दोघांनी एकमेकांना शहाणं समजायला नेमका हाच मुहूर्त शोधला!

दुसऱ्या दिवशी इफ्तार तोंडावर आला तरी गोलफलक कोराच. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. तेवढ्यात थ्रो-इन मिळाला. शौकीने शिट्टी घातली आणि त्याचे गडी उधळले! मागोमाग विरोधक उधळले. मधे एवढी जागा झाली की एखादं लग्न लागलं असतं!

पण नवरदेवच येईना.

"झकी, जा ना!" हिलमी लांबून ओरडला.

"मी? डोकं तुला आहे ना!"

"टाकतोस की घरी नेतोस?" पंच रागेबवर खेकसला.

शौकीला ती रिकामी जागा बघवेना. "अरे, या रे कुणीतरी!" म्हणत तो स्वतःच मैदानात घुसला. घाबरलेल्या रागेबला समोर एकच ओळखीचा चेहरा दिसला. त्याने चेंडू त्याच्याकडेच टाकला!

आणि शौकीच्या अंगात आलं! एक पायताण उडालं, पोट पुढे, चेंडू त्याच्याही पुढे. विरोधकांचा गोलरक्षक बायूमी जागचा हलला नाही. शौकीने डोळे मिटून लाथ घातली. गोल!

हात पसरून तो वळला. समोर पंच उभा, हातात लाल कार्ड! गोल रद्द, शौकी बाहेर, वर विरोधकांना फ्री किक. शौकीचे गडी अजून इमानदारीने लांबच उभे होते! फ्री किक घेऊन विरोधक त्या मोकळ्या जागेतून निवांत फिरायला निघाल्यासारखे गेले आणि गोल करून आले. करंडकही घेऊन गेले.

इफ्तारला शेजाऱ्याच्या नात्याने बायूमी शौकीच्याच पंगतीला आला. हरलो तर हरलो, पण एका कसलेल्या गोलरक्षकाला आपण चकवलं, एवढ्या समाधानावर शौकी खजूर चघळत होता.

"बायूमी, खरं सांग," तो मिशीला पीळ देत म्हणाला, "माझी लाथ तुला दिसलीच नाही ना?"

"दिसली की, उस्ताद," बायूमी सूप भुरकत म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही चेंडू परत द्यायला येताय."