बिबड्यांसाठी वरचा जबडा

माणसाच्या अंगातले हाड फार सहनशील असते आणि जाताना ते कोणालाही कळवत नाही. निंबोल्याचे केळी-बागायतदार कौतिक महाजन यांच्या वरच्या जबड्याचे हाड गेल्याचे एका मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता, बुऱ्हाणपूरच्या एका दातांच्या दवाखान्यात, अधिकृतपणे जाहीर झाले. प्रत्यक्षात ते केव्हा गेले याची नोंद नाही.

"दादाजी, ऊपर तो हड्डी बचीच नहीं," डॉक्टर हिमानी एक्स-रेच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "हे पाहा, मागे फक्त दोन मिलिमीटर."

कौतिकरावांनी पाहिले. करड्या ढगात करडा ढग होता. त्यांनी मान हलवली. (दवाखान्यात मान हलवणे म्हणजे समजले असे नव्हे. आता जाऊ का, असा त्याचा अर्थ असतो.)

कारण सरळ होते. नऊ वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांचे वरचे सगळे दात काढण्यात आले. शिबिराला उद्दिष्ट दात काढण्याचे दिलेले होते, बसवण्याचे नव्हे. पुढे त्यांनी कवळी केली. ती ते लग्नाला आणि मतदानाला लावत, एरवी ती सदऱ्याच्या खिशात असे. दात नाहीत म्हणजे हाडाला काम नाही आणि काम नसलेले हाड शरीर हळूहळू परत घेते. सरकारी खात्यात बरीच वर्षे रिकामे राहिलेले पद रद्द करण्याचा नियम आहे, तसेच हे. फक्त शरीर नियम पाळते.

"पण दादाजी, आता नऊ वर्षांनी एकदम काय दिक्कत आली?"

"बिबडे खायचे आहेत मले."

डॉक्टरांनी कागदावर 'चर्वणाची तक्रार' असे लिहिले.

बिबडे, म्हणजे जाडसर कडक पापड, ज्वारीचे होते. कौतिकरावांच्या पत्नी कोकिळाबाई यांनी ते मागच्या वर्षी चैत्रात, तीळ-लसूण घालून, नवऱ्याच्या जुन्या धोतरावर गच्चीत वाळत घातले होते. धोतराची वीण बिबड्यांच्या पाठीवर उठलेली होती. वैशाखात कोकिळाबाई गेल्या. बिबड्यांचा डबा राहिला. झाकणाभोवतीची चिकटपट्टी त्यांच्या हातची होती. डबा एकदा उघडला की हवा लागते आणि आठ-दहा दिवसांत बिबडे सादळतात. म्हणून आधी दात आणि मग डबा, असा क्रम कौतिकरावांनी ठरवला. एक पावसाळा डब्याने काढला होता. दुसरा काढेल याची खात्री नव्हती आणि तो दोन महिन्यांवर आला होता.

विज्ञानाने मात्र खूप प्रगती केलेली आहे. डॉक्टरांनी पर्याय सांगितले.

पहिला पर्याय म्हणजे गालाच्या आतल्या हवेच्या पोकळीचा तळ वर उचलायचा आणि खाली हाडाची भुकटी भरायची. भुकटीचे हाड व्हायला नऊ महिने, मग स्क्रू, मग आणखी सहा महिने. ही भुकटी कोणत्या जनावराची, असे कौतिकरावांच्या सोबत आलेल्या बहिणीने, मंगलाआत्याने, विचारले. 'इम्पोर्टेड' आहे असे कळल्यावर तिचे समाधान झाले. परदेशी मालाची चौकशी एवढीच करण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

दुसऱ्यात कमरेचे हाड काढून जबड्याला लावायचे. (काही आठवडे नीट चालता येत नाही, पण चालत चालत बिबडे खाण्याचा कौतिकरावांचा विचार नव्हताच.)

तिसरा सर्वांत आधुनिक. जबडा सोडूनच द्यायचा आणि दोन-दोन इंच लांब स्क्रू तिरपे वर, डोळ्याखालच्या गालाच्या हाडात रोवायचे. कौतिकरावांना हा एकच पर्याय ताबडतोब समजला. घड जड झाला आणि बुंध्याशी जमीन पोकळ असली की केळीला बांबू लांबून तिरपाच लावतात. दात तीन दिवसांत मिळणार होते.

"मग चौथ्या दिवशी बिबडे?"

"नाही नाही दादाजी! चार महिने मऊ खायचं. खिचडी, दलिया, केळी."

चौथा पर्याय म्हणजे जुनी कवळी लेप लावून बसवणे. तो सांगताना डॉक्टरांचा आवाज आपोआप लहान झाला.

बातमी निंबोल्यात पोहोचली आणि लोक भेटायला येऊ लागले. अकरा दिवसांत त्रेचाळीस जण आले. पैकी एकेचाळीस जणांनी सल्ला दिला आणि दोघे चुकीच्या घरी आले होते (पण बसले). कोकिळाबाईंच्या वेळीही हीच माणसे आली होती. तेव्हा कोणाला काय बोलावे ते सुचत नव्हते. चहा पिऊन, खाली बघून गेली. हाडाच्या बाबतीत मात्र प्रत्येकाकडे बोलण्यासारखे होते.

"अरे कौतिक," शेजारच्या मळ्याचे सुपडूभाऊ म्हणाले, "केळीवाल्याले दात कायले लागतात? देवानं तुले पीकच असं दिलं."

"बाबा, मी मिक्सरमधून काढून देते ना," सूनबाई पूर्णिमा म्हणाली. "दुधात कालवून खा."

"मग ते बिबडे नाहीत, लापशी आहे."

"चव तर तीच राहील."

"चवीचं नाही व बाई," कौतिकराव म्हणाले. "आवाज पाहिजे मले. ती तिकडून चुलीपाशी खायची, मी इकडून ओट्यावर."

 पूर्णिमाने ही गोष्ट नवऱ्याला, म्हणजे समाधानला, सांगितली आणि समाधानने ती योग्य त्या ठिकाणी मांडली. योग्य ठिकाण म्हणजे घरच्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. हा ग्रुप मुळात 'आईची गंधमुक्ती' या नावाने, तेराव्याच्या जेवणाच्या नियोजनासाठी निघाला होता. सदस्य तेच असल्याने नवा काढण्याऐवजी त्याचे नाव बदलून 'बाबांचा जबडा' करण्यात आले. हार घातलेल्या कोकिळाबाईंच्या फोटोच्या जागी एक्स-रे लावण्यात आला. मग रीतसर मतदान झाले. गालाचे हाड अकरा, भुकटी सात, कंबर एक. चौघांनी फक्त हात जोडले. कौतिकरावांकडे साधा फोन असल्याने ते ग्रुपमध्ये नाहीत. लोकशाहीत अशी अडचण कधीकधी येते.

दवाखान्याच्या संमतिपत्रावर 'उपचाराचा हेतू' या रकान्यात कौतिकरावांनी स्वतःच्या अक्षरात 'डबा उघडणे' असे लिहिले. काउंटरवरच्या मुलीने ते खोडून 'हास्य सुधारणा' केले. काउंटरवरच्या हेतूंच्या यादीत तेवढेच होते.

अंतिम निर्णय अद्याप झालेला नाही. येथवर वाचल्यावर कौतिकरावांनी कोणता पर्याय घ्यावा याबद्दल वाचकांचेही काही मत झाले असेल. त्याचे स्वागत आहे. ग्रुपमध्ये जागा आहे.

कोकिळाबाई कशाने गेल्या, हे त्रेचाळीस जणांपैकी एकानेही विचारले नाही. आपणही विचारलेले नाही.

बिबडे खायचे राहिले आहेत.