चष्मेवाल्यांचा सुधारित बेस

माणूस कुठलीही वस्तू विकत घेतो ती एकदाच. ती घेण्यात आपलं चुकलं नाही हे सिद्ध करायला मात्र त्याला उरलेलं आयुष्य लागतं. ह्या उरलेल्या आयुष्याला हल्ली 'अपग्रेड' म्हणतात. अपग्रेड आणि दुरुस्ती ह्यांत गल्लत करू नये. दुरुस्ती बिघडलेल्या वस्तूची होते आणि ती करणाऱ्याला घरचे नावं ठेवतात. अपग्रेड चांगल्या वस्तूचं होतं आणि ते करणाऱ्याकडे घरचे नुसते बघत राहतात. (स्क्रू दोन्हीत सारखेच हरवतात.)

हा फरक चष्मेवाल्यांइतका कुणालाच उमगला नाही. चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं चढवायची, फिरवायची आणि विचारायचं, "आता बरं, की मघाशी?" गिऱ्हाईक म्हणतं, "आता." पुन्हा फिरवायचं, पुन्हा विचारायचं. असं करत करत गिऱ्हाईक दमलं की त्याचा नंबर निघाला असं समजतात. ही पद्धत शास्त्रीय आहे आणि तिच्या जिवावर सगळा चौक व्यवस्थित बघतो. (एकदोघं अजून खांबाला धडकतात, पण ते आधीही धडकत होते.)

दर गुरुवारी संध्याकाळी दुकान बंद करून चष्मेवाले दातांच्या डॉक्टरांकडे वाजवायला जात. डॉक्टर कीबोर्डवर, लिफ्ट दुरुस्त करणारा मेस्त्री ड्रमवर आणि चष्मेवाले बेस गिटारवर, असं त्रिकूट दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जमायचं. आठवड्यातली ही एकच संध्याकाळ, जेव्हा "जाता जाता एवढी दांडी आवळून द्या" असं त्यांना कुणी म्हणत नसे. ह्या संध्याकाळसाठी चष्मेवाले उरलेले दिवस काढत असत.

आणि नेमक्या ह्याच संध्याकाळवर संकट आलं. डॉक्टरांनी कुठंतरी जुन्या वाद्यवृंदांचे फोटो पाहिले. त्यात बेस वाजवणारे सगळे उभे होते.

"चष्मेवाले, तुम्ही बसून वाजवता ना, तेव्हा दाढ काढायला आल्यासारखे दिसता," डॉक्टर म्हणाले. "बेस उभाच पाहिजे."

शिवाय त्यांनी सहज म्हणून सांगितलं, की एक गृहस्थ विचारून गेलेत. त्यांच्याकडे खराखुरा लाकडी बेस आहे आणि ते स्वतःही उंच आहेत. वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम जवळ आला होता. त्या कार्यक्रमात बेस कसा होतो ते बघू आणि मग काय ते ठरवू, असं डॉक्टरांनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं. (ह्याच आवाजात ते 'अजिबात दुखणार नाही' म्हणतात.)

आता उभा बेस म्हणजे व्हायोलिनचा थोरला काका. माणसापेक्षा उंच, पोट सुटलेला, दारातून आडवा करून आणावा लागतो आणि एकदा आला की पलंग बाहेर काढावा लागतो. पण विज्ञानाने त्यावरही उपाय काढलेला आहे. विजेवरचा उभा बेस म्हणजे ह्याच काकांचा नुसता कणा: एक दांडा, चार तारा, खाली एक पाय. पोट नाही, त्यामुळे आवाजही नाही. वायरीने स्पीकरला जोडला तरच तो बोलतो, एरवी कानाला हेडफोन लावून एकट्याने ऐकायचा. चष्मेवाल्यांनी त्यातला सगळ्यात स्वस्त निवडला. त्याच्या जाहिरातीत 'सुरुवात करणाऱ्यांसाठी उत्तम' असं म्हटलं होतं. ह्याचा अर्थ 'पुढे जाणाऱ्यांसाठी नाही' असा होतो, हे सुरुवात करणाऱ्यांना कळायचं कारण नसतं.

घरातून परवानगी मिळायला अजिबात वेळ लागला नाही. बायकोने एकच विचारलं, "वाजतो का?" चष्मेवाले म्हणाले, "नाही." मग घ्या म्हणाली.

बेस आला. सोबत एक पिशवी आणि स्पीकरला जोडायची एक वायर फुकट आली. चष्मेवाल्यांनी हेडफोन लावून पहिला सूर छेडला. तारांचा आवाज पडद्याची दोरी ओढल्यासारखा येत होता. खुंट्या पिळल्या की परत फिरत होत्या. मधल्या सुरावर शेजारच्यांचा मिक्सर ऐकू येत होता, तोही सुरात. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, फसलो. चष्मेवाले म्हणाले, "वाव आहे."

मोबाईलवर उभ्या बेसच्या जाणकारांचा एक गट होता, त्यात ते सामील झाले. ह्या गटात वाजवणाऱ्यांचं प्रमाण फार नसलं तरी जाणकारांचं प्रमाण शंभर टक्के होतं. चष्मेवाल्यांनी अडचण मांडली. निम्म्यांनी तारा बदला सांगितलं, निम्म्यांनी घोडी बदला सांगितलं आणि उरलेल्या निम्म्यांनी आधीच्या दोघांना बदला असं सुचवलं. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी. पण चष्मेवाल्यांच्या आईला ते पुढे कितीतरी दिवस माहीत नव्हतं, आणि मुलगा ह्या वयात घोडी मागवतोय म्हटल्यावर तिने सुनेला एकदा आत बोलावून विचारलंही होतं.

तारा बदलल्या. नव्या तारा इतक्या ताठ निघाल्या की खुंट्या तग धरेनात, म्हणून खुंट्या बदलल्या. नव्या खुंट्यांचं वजन इतकं, की बेस नमस्कार करायला लागला, म्हणून पाय बदलला. नव्या पायाला टोक होतं. ते गुळगुळीत फरशीवरून सटकलं, बेस जेवणाच्या टेबलाखालून आरपार गेला आणि फ्रिजच्या दाराला ओठंगून उभा राहिला. पुढे टोक रुतवायला म्हणून चष्मेवाल्यांनी दारातलं 'सुस्वागतम' लिहिलेलं पायपुसणं घेतलं. तेव्हापासून बेस कायम 'सुस्वागतम'मधल्या 'ग'वर उभा राहतो आणि पाहुणे चिखलाचे पाय घेऊन थेट आत येतात.

प्रत्येक बदलानंतर शास्त्रीय चाचणी होई. बायको भाजी चिरत असायची. तिच्या कानाला हेडफोन लावून चष्मेवाले एक सूर वाजवत, मग मान खाली घालून काहीतरी आवळत, मग तोच सूर पुन्हा वाजवत.

"आता बरं, की मघाशी?"

"आता."

एकदा घाईत काही आवळायचं राहूनच गेलं. तरी बायको "आता" म्हणाली. ह्यावरून हा बेस आपोआपही सुधारतो, असा निष्कर्ष चष्मेवाल्यांनी काढला आणि गटात कळवला. गटाने त्याला दुजोरा दिला.

आईला कमी ऐकू येई. कानात मशीन होतं, तेही स्वस्तातलं. हेडफोनमुळे बाहेर फक्त तारांवरच्या बोटांची टपटप यायची, आणि नेमकी तेवढीच आईच्या मशीनला पकडता यायची. नळ गळतोय, असं तिने बरेच दिवस लावून धरलं. शेवटी प्लंबर आला. गळत काहीच नव्हतं, म्हणून त्याने नळ बदलून दिला. चष्मेवाल्यांना प्लंबर एकदम आपला माणूस वाटला.

ह्या सगळ्यात गुरुवारच्या तालमीचं काय झालं, असा प्रश्न कुणी विचारेल. चष्मेवाले एकही गुरुवार चुकले नाहीत. बेस मात्र दर गुरुवारी उघडलेला असे. त्यामुळे ते सोफ्याच्या हातावर बोटं आपटून आपण कुठं काय वाजवणार आहोत ते दाखवत.

"परत उघडला?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिकअप बदलतोय." तारांची थरथर विजेत टाकणाऱ्या टिकलीला पिकअप म्हणतात. मिक्सर तिथूनच यायचा.

"आम्ही लिफ्ट उघडली की लोक जिन्याने जातात," लिफ्टवाला म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी कशाने जाणार, चष्मेवाले?"

चष्मेवाले हसले, पण त्या रात्री त्यांना लाकडी बेसवाल्यांचं स्वप्न पडलं. स्वप्नात ते गृहस्थ सोफ्याच्या त्याच हातावर बोटं आपटत होते आणि सोफा सुरात वाजत होता.

कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत दांडा सोडून सगळं बदललं होतं. मग दांडाही बदलला. आता मूळ खरेदीतलं, पिशवी सोडली तर, फक्त एकच उरलं होतं: ती फुकट आलेली वायर. तिला चष्मेवाल्यांनी हात लावला नाही. जिच्यासाठी काही मोजलंच नाही ती चुकीची निघू शकत नाही, आणि जी चुकीची निघू शकत नाही ती सुधारायची कशी? शिवाय घरी हेडफोन थेट बेसलाच जोडत असल्यामुळे वायर पिशवीत सुखात होती. तिची घडीसुद्धा मोडली नव्हती.

वाचनालयाचं सभागृह भरलं. (चहा आधी ठेवला होता.) पहिल्या रांगेत बायको आणि आई, मागे दाराजवळ, बसूनही इतरांपेक्षा उंच दिसणारे लाकडी बेसवाले. चष्मेवाल्यांनी रंगमंचावर पायपुसणं अंथरलं, 'ग'वर टोक रोवलं, वायर जोडली आणि डोळे मिटले. डॉक्टरांनी सुरुवात केली, लिफ्टवाल्याने ठेका धरला, चष्मेवाल्यांची बोटं तारांवरून चालायला लागली. स्पीकरमधून बेसचा एकही सूर आला नाही. एक बारीक गुणगुण तेवढी येत राहिली, जुनी ट्यूबलाइट करते तशी.

चष्मेवाल्यांच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. पण रंगमंचावर स्वतःचा आवाज स्वतःला येतच नसतो, असं गटात कुणीतरी सांगितलं होतं. आणि चांगला बेस कानाला कळत नाही, पोटाला कळतो, असंही. त्यांनी समोर पाहिलं. लोक माना डोलावत होते. दोघाचौघांचे हात पोटावर होते. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. शेवटच्या गाण्यात त्यांना एकट्याने वाजवायची जागा होती. डॉक्टर आणि लिफ्टवाला थांबले, सभागृह गप्प झालं, चष्मेवाल्यांनी आपलं सगळं आयुष्य त्या चार तारांत ओतलं, आणि एवढी शांतता त्या वाचनालयात ग्रंथपालांनाही कधी राखता आली नव्हती. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

रंगमंचामागे डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "काय संयम हो. पहिल्यांदा तुमचा बेस माझ्या आड आला नाही." लिफ्टवाला म्हणाला, आज ठेका असा गेला की मधे कुठं अडकलाच नाही. वाचनालयाच्या चिटणीसांचं पोट आतून हललं होतं. आणि लाकडी बेसवाले स्वतः वाकून जवळ आले. इतकी वर्षं वाजवतोय, पण न वाजवता किती वाजवता येतं हे आज कळलं, म्हणाले. तारा कुठल्या ते विचारून घेतलं, आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन, ह्या माणसाच्या जागी उभं राहायची माझी लायकी नाही, असं सांगून निघून गेले. गुरुवार वाचला.

तेवढ्यात आई आली. पायपुसण्यावर सवयीने पाय पुसले आणि म्हणाली, "बाकीचं छान होतं रे. तुझं काही ऐकू आलं नाही."

सगळे मायेने हसले. डॉक्टर मोठ्या आवाजात तिच्या कानाशी म्हणाले, "आजी, बेस ऐकायला कान फार तयार लागतो."

"असेल," आई म्हणाली. "टपटप येत होती. पण ती घरीही येते."

चष्मेवाले तेव्हा वायर गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता तिचं एक टोक नुसतंच त्यांच्या हातात आलं. आत तार कुठं जोडलेलीच नव्हती. पहिल्या दिवसापासून नसावी. चष्मेवाल्यांनी टोकाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग ज्यांच्यासोबत पुढचे सगळे गुरुवार काढायचे त्या दोघांकडे पाहिलं, आणि टोक खिशात टाकलं. बायकोने ते पाहिलं. ती भाजी चिरताना असते तशीच शांत होती.

त्याच आठवड्यात चष्मेवाल्यांनी आईचं कानाचं मशीन अपग्रेड केलं. बाजारातलं सगळ्यात चांगलं घेतलं, त्यात मात्र काटकसर केली नाही. आईला आता वरच्या मजल्यावरचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. चष्मेवाल्यांनी तिला समोर बसवून विचारलंही, "आता बरं, की मघाशी?"

"आता," आई म्हणाली. "पण त्या दिवशी तू वाजला नाहीस."

वय झालं की काही गोष्टी अपग्रेड होत नाहीत, असं गटाचं मत पडलं. सगळ्यात न बदललेली एकच वस्तू म्हणून गटात सध्या त्या फुकटच्या वायरीला फार मागणी आहे. चष्मेवाल्यांनी टोक परत चिकटवून ती जशीच्या तशी ठेवली आहे, आणि पुढच्या वर्धापनदिनाचं निमंत्रणही त्यांना आलेलं आहे. त्या दिवशी ते एकच गाणं दोनदा वाजवणार आहेत: एकदा ह्या वायरीने आणि एकदा दुसऱ्या, चालू वायरीने. आधी कुठली, ते सांगणार नाहीत.

तुम्ही याच. मागच्या वेळीही होतात, तिसऱ्या रांगेत, खांबाच्या कडेला. मान तुमचीही डोलत होती आणि एकट्याच्या जागेवर टाळी पहिली तुमची पडली. ह्या वेळी काम सोपं आहे. दोन्ही ऐकून झालं की चष्मेवाले तुमच्याकडे बघून फक्त एवढंच विचारतील: आता बरं, की मघाशी?

(उत्तराची घाई नाही. 'आता' असं आम्ही लिहून ठेवलं आहे.)